लाळेतील विकर आणि बाळाची पेज

बालरोगतज्ज्ञाकडे तान्ह्या बाळाच्या आहारासंबंधी जे प्रश्न येतात, त्यांत दोन प्रश्न फार वरचेवर भेटतात. पहिला चौथ्या महिन्याच्या आसपासचा. आई विचारते, "डॉक्टर, अंगावरचं दूध पुरत नाहीसं वाटतं, भाताची पेज सुरू करू का?" दुसरा दहाव्या महिन्याचा, आणि तो बहुधा आजीबाईंचा असतो. त्या विचारतात म्हणण्यापेक्षा सांगतातच, "त्याला जड काही पचत नाही हो. आम्ही आपलं वरणाचं पाणी आणि पातळ पेजच देतो." एका घरी पिष्टान्न देण्याची घाई, तर दुसऱ्या घरी ते देण्याची भीती. दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी शरीरक्रियाशास्त्रातील एकच विषय आहे : पिष्टमय पदार्थाचे पचन कोठे, केव्हा आणि कोणाच्या साह्याने सुरू होते? आपल्या व्यवसायबंधूंना यातील काही भाग प्रथम वर्षापासून परिचित आहे. तरीही तो बाळाच्या वाटीपर्यंत आणून पाहिला, तर त्यातून बरेच काही हाती लागते असे मला वाटते.

तांदूळ, गहू, नाचणी, बटाटा यांत वनस्पतीने स्वतःसाठी साठवून ठेवलेली शिदोरी म्हणजे पिष्ट. ग्लुकोजचे शेकडो-हजारो रेणू एकमेकांस जोडून त्याच्या साखळ्या बनतात. काही साखळ्या सरळ असतात, त्यांना अमायलोज म्हणतात. काहींना झाडासारखे फाटे फुटलेले असतात, ते अमायलोपेक्टिन. कच्च्या धान्यात या साखळ्या सूक्ष्म कणांत इतक्या घट्ट बांधलेल्या असतात की त्यांच्यात पाचक रसाचा शिरकाव फारच मंद गतीने होतो. पाण्यात शिजवले की कण फुगतात, फुटतात, साखळ्या मोकळ्या होतात आणि पाणी धरून ठेवतात. पेज थंड होताना दाट का होते, तांदळाच्या पिठाची उकड चिकट का लागते, याचे कारण हेच. म्हणजे पचनाची पहिली पायरी खरे पाहता चुलीवरच घडते.

दुसरी पायरी मुखात. १८३१ साली एर्हार्ड फ्रीड्रिख लॉइक्स या जर्मन रसायनज्ञाने लाळेच्या संपर्काने शिजवलेले पिष्ट पातळ होते व गोड होते, असे नोंदवले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३३ मध्ये, पायेन आणि पेर्सो या फ्रेंच द्वयीने मोड आणलेल्या जवापासून हेच काम करणारा पदार्थ वेगळा केला व त्याला 'डायस्टेज' हे नाव दिले. विकर, म्हणजे ज्याला आपण सर्रास एन्झाइम म्हणतो, ते वेगळे काढण्याचा हा पहिला प्रयत्न समजला जातो. माणसाची लाळ आणि मोड आलेले धान्य यांच्यातील हे नाते वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याची गरज पडणार आहे.

लाळेतील या विकराचे जुने नाव टायलिन, आजचे नाव अल्फा-अमायलेज. कानशिलाखालील ज्या ग्रंथी गालगुंडात सुजतात, त्या याच्या निर्मितीत अग्रेसर आहेत. (व्यवसायबंधूंसाठी एक लहानशी आठवण. गालगुंड झालेल्या मुलाच्या रक्तातील अमायलेज या ग्रंथींमुळेच वाढते. अशा मुलाच्या पोटात दुखू लागल्यास केवळ त्या आकड्यावरून स्वादुपिंडदाहाचे निदान करू नये, लायपेज पाहावे.) अमायलेज साखळीच्या मधल्या कड्या तोडते, त्यामुळे लांब साखळीचे आखूड तुकडे होतात : दोन ग्लुकोजचे माल्टोज, तिनाचे माल्टोट्रायोज, आणि जेथे फाटा फुटलेला असतो तेथे हे विकर थबकत असल्याने उरलेले काही डेक्स्ट्रिन. त्याला काम करण्यास क्लोराइड लागते, कॅल्शियमने त्याची रचना टिकते, आणि उदासीनाच्या जवळचे वातावरण त्याला सर्वाधिक मानवते. पोळीचा घास बराच वेळ चघळला की गोडसर लागू लागतो, ती माल्टोजची गोडी. पेजेत आयोडीनचा थेंब टाकला तर गडद निळा रंग येतो. त्यात लाळ मिसळून कोमट ठेवले की तो निळेपणा हळूहळू जांभळट, तांबूस होत नाहीसा होतो. हा प्रयोग शाळेत पाहिलेला अनेकांना स्मरत असेल.

मात्र येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. घास तोंडात राहतो तो अत्यल्प काळ. गिळण्यापूर्वी त्यातील पिष्टाचा पाच टक्क्यांहून अधिक भाग पचत नाही, असे शरीरक्रियाशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. खरे काम होते ते जठरात, आणि तेही जठराच्या इच्छेविरुद्ध म्हणावे लागेल. जठरातील आम्ल अमायलेजला निष्प्रभ करते हे खरे, पण गिळलेला अन्नगोळा आम्लात लगेच विरघळत नाही. त्याच्या गाभ्यात अर्धा तास ते तासभर लाळ आपले काम चालू ठेवते, आणि तोवर तीस-चाळीस टक्के पिष्टाचे तुकडे झालेले असतात. उरलेले काम लहान आतड्यात स्वादुपिंडाचे अमायलेज सहज उरकते. शेवटी आतड्याच्या अस्तरातील विकरे या तुकड्यांचे ग्लुकोज करतात. प्रौढ माणसाची लाळ आटली तरी त्याचे पिष्ट पचायचे राहत नाही, ते यामुळेच. तेव्हा 'एक घास बत्तीस वेळा चावा' हा वडीलधाऱ्यांचा उपदेश चांगला असला, तरी तो लाळेतील विकरासाठी आहे असे मानण्याचे कारण नाही. घास बारीक होतो, गिळणे सुखाचे होते आणि माणूस सावकाश जेवतो, एवढे त्यामागे पुरेसे आहे.

मग निसर्गाने हे विकर लाळेत इतक्या उदारपणे का घातले असावे? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की लाळेतील अमायलेजच्या जनुकाच्या प्रती माणसागणिक वेगवेगळ्या असतात, आणि परंपरेने पिष्टप्रधान आहार घेणाऱ्या समूहांत, उदाहरणार्थ जपानी लोकांत किंवा कंदमुळे खाणाऱ्या हाडझा लोकांत, त्या सरासरीने अधिक असतात. चिंपांझीत मात्र अशा दोनच प्रती आढळल्या. या प्रतींची संख्या आणि स्थूलता यांचा संबंध जोडण्याचा प्रयत्न २०१४ मध्ये झाला, परंतु पुढच्याच वर्षीच्या अधिक काटेकोर पाहणीत तो टिकला नाही. २०२४ मधील संशोधन तर या जनुकाची पहिली द्विरुक्ती आठ लाखांहून अधिक वर्षांपूर्वीची असावी असे सुचवते. म्हणजे शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधीची. भात-भाकरीवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे वाचून मौज वाटते, पण दवाखान्यात त्याचा अद्याप काही उपयोग नाही.

दवाखान्यात उपयोगाची आहे ती नवजात बालकाची स्थिती. जन्मतः बाळाच्या स्वादुपिंडातून अमायलेज जवळजवळ येतच नाही. पहिले काही महिने ते अत्यल्प राहते, सहाव्या महिन्यानंतर वाढू लागते, आणि प्रौढाच्या पातळीला पोचण्यास त्यापुढेही बराच काळ जातो. लाळेतील अमायलेज आधी जागे होते. जन्माच्या वेळी तेही कमीच, परंतु पहिल्या तीन ते सहा महिन्यांत झपाट्याने वाढते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून बाळाची लाळ गळू लागते, लाळेरे भिजू लागते, आणि घरोघरी 'दात येताहेत' असे निदान होते. दात त्या वेळी बहुधा कोसभर दूर असतात. लाळेचे उत्पादन वाढलेले असते आणि ती गिळण्याचे, ओठ मिटून धरण्याचे कसब अजून यायचे असते, इतकेच.

या तुटीच्या काळात तिसरा मदतनीस आहे आणि तो आईच्या दुधात आहे. मातेच्या दुधात, विशेषतः पहिल्या चिकात, लाळेतल्यासारखेच अमायलेज असते. गाईच्या दुधापेक्षा ते कित्येक पटींनी अधिक असते, आणि डब्यातील दुधाच्या भुकटीत तर ते नसतेच. दुधाने भरलेल्या बाळाच्या जठरात आम्लता प्रौढाइतकी तीव्र नसते, त्यामुळे हे विकर तेथून बऱ्याच अंशी सुखरूप पुढे जाते. वारंवार दूध उलटणाऱ्या बाळासाठी काढलेल्या आईच्या दुधात तांदळाचे पीठ घालून ते दाट करण्याचा प्रयोग काही जण करतात. दूध काही वेळातच पुन्हा पातळ होते आणि प्रमाण चुकले असे त्यांना वाटते. प्रमाणाचा त्यात दोष नसतो, दुधातल्या अमायलेजने ते पीठ पचवून टाकलेले असते.

हे सारे ध्यानात घेतले म्हणजे चौथ्या महिन्यातील आईला द्यायचे उत्तर सोपे होते. या वयात पेज दिली तर ती विष नव्हे. न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यात जाते, तेथील जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून थोडी ऊर्जा परतही मिळते. पण त्या पेजेसाठी पोटातली जागा जाते ती आईच्या दुधाची, बाळ ओढायला कमी लागते आणि दूध खरोखरच कमी होऊ लागते. शिवाय पाणी, भांडे, चमचा यांतून येणारे जंतू वेगळेच. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून पूर्ण सहा महिने निव्वळ स्तनपानाची शिफारस केली आहे. आपल्याकडे उष्टावण मुलाचे सहाव्या-आठव्या महिन्यात आणि मुलीचे पाचव्या-सातव्या महिन्यात करण्याची चाल आहे. सम-विषमाचा हा हिशेब शास्त्राला ठाऊक नाही, परंतु पूर्वजांनी निवडलेला काळ स्वादुपिंडाच्या वेळापत्रकाच्या बराच जवळ येतो, हे मान्य करावे लागते.

आता दहाव्या महिन्यातील पातळ पेज. माझ्या मते दोहोंतली अधिक घातक समजूत हीच, कारण ती सावधगिरीचा वेष घेऊन येते. हिशेब करून पाहू. दीडशे मिलिलिटरच्या वाटीत दोन चहाचे चमचे तांदळाचे पीठ, म्हणजे सुमारे सहा ग्रॅम, शिजवले तर हवी तशी पातळ पेज होते. तिच्यातून मिळतात जेमतेम वीस कॅलरी. तेवढ्याच आईच्या दुधातून शंभराच्या आसपास मिळतात. सरासरी स्तनपान चालू असलेल्या बाळाला वरच्या अन्नातून सहा ते आठ महिन्यांत रोज सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००. म्हणजे दहा महिन्यांच्या बाळाने ही पेज पंधरा वाट्या प्यायली पाहिजे. आठ किलो वजनाच्या बाळाच्या जठरात एका वेळी मावते सुमारे २४० मिलिलिटर. बाळ दोन-तीन वाट्या पिते, पोट तट्ट भरते, तान्हे समाधानाने झोपी जाते, आणि वजनाचा आलेख मात्र आडवा होतो. वरणाच्या निवळीची कथा याहून निराळी नाही. पचवण्याची ताकद या वयात आलेली असते, पचवण्याजोगे काही वाटीतच नसते.

"मग दाट करा" असे सांगून प्रश्न सुटत नाही, कारण आजीबाईंच्या म्हणण्यात एक सत्य आहे. दीडशे मिलिलिटर पाण्यात तीस ग्रॅम पीठ शिजवले तर त्याची लापशी नव्हे, खळ होते. ती बाळाला चमच्याने गिळता येत नाही, ते तोंड फिरवते, ठसकते, घास जिभेने बाहेर ढकलते किंवा गालात धरून बसते. 'जड' म्हणतात ते हे, पण हा जडपणा पोटाचा नसून तोंडाचा आहे. ही कोंडी सोडवण्याची युक्ती अमायलेजपाशीच सापडते.

ती आपल्या स्वयंपाकघरात अनेकांनी पाहिलेली आहे. बाळाने अर्धी टाकलेली दाट खीर तशीच वाटीत ठेवली, उष्टा चमचा तीत राहिला, की थोड्या वेळाने ती पाणी सुटल्यासारखी पातळ होते. खीर नासली असे समजून आई हळहळते. प्रत्यक्षात चमच्यावरून गेलेल्या लाळेने पिष्टाच्या लांब साखळ्या तोडलेल्या असतात, आणि साखळ्या तुटल्या की पाणी धरून ठेवणार कोण? खिरीतले पीठ तितकेच, ऊर्जा तितकीच, फक्त दाटपणा गेला. (उष्टी खीर पुन्हा देऊ नये, ते जंतूंमुळे.) काही घरांत वडीलधाऱ्या बायका भाकरीचा घास स्वतः चावून बाळाला भरवीत, त्यातही हेच घडत असे. ती रीत मात्र आता सोडावी. दात किडवणारे जंतू तर त्या वाटेने जातातच, शिवाय चावून भरवलेल्या अन्नातून एचआयव्हीची लागण झालेल्या तीन बालकांची नोंद २००९ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झाली आहे.

लाळेवाचून लाळेचे काम करून घ्यायचे, तर लाळेचे ते जुने नातलग, म्हणजे मोड आलेले धान्य, मदतीला येते. दाणा रुजताना आपली शिदोरी अंकुराला देण्यासाठी स्वतःच अमायलेज तयार करतो. येथे वडोदरेकरांनी अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तेव्हाच्या गृहविज्ञान शाखेत, जिला आज कुटुंब व समाजविज्ञान शाखा म्हणतात, डॉ. तारा गोपालदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात नेमका हाच प्रश्न हाती घेतला. मोड आणून वाळवलेल्या गव्हाचे पीठ, शंभर ग्रॅम पिठाला अवघे चार-पाच ग्रॅम, दाट शिजलेल्या लापशीत मिसळले की ती बघता बघता ओघळण्याइतकी पातळ होते, हे त्यांनी दाखवून दिले. १९८६ साली हे काम प्रसिद्ध झाले आणि 'अमायलेजसमृद्ध पीठ' हा शब्दप्रयोग पोषणशास्त्रात रूढ झाला. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत मल्लेशी व देशिकाचार यांनी त्याच सुमारास नाचणीच्या माल्टवर असेच काम केले होते, आणि टांझानियात हीच युक्ती 'किमेआ' या नावाने अभ्यासली गेली. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून, वस्त्रगाळ करून सत्त्व काढणाऱ्या आपल्या आज्यांना यातले रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, कृती मात्र पुष्कळशी तीच होती. एका ठिकाणी फरक पडतो : सत्त्व खमंग व्हावे म्हणून मोड आलेली नाचणी लालसर होईपर्यंत भाजली, तर विकर नष्ट होते. उरते ते पौष्टिक पीठ, पण त्याची पातळ करण्याची करामत गेलेली असते.

घरी करायचे झाल्यास वाटीभर गहू निवडून, धुऊन, रात्रभर भिजवावेत. पाणी निथळून ओल्या स्वच्छ फडक्यात एक-दोन दिवस ठेवावेत. मोड आले की उन्हात कडकडीत वाळवून, ओल जाईल इतपतच मंद गरम करून दळावेत व घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावेत. बाळासाठी तांदूळ व मूगडाळीचे पीठ मिळून सुमारे तीस ग्रॅम दीडशे मिलिलिटर पाण्यात नीट शिजवावे. विस्तव बंद करून, बोट लावल्यास चटका बसेल पण उकळी नसेल इतपत निवू द्यावे, मग अर्धा चमचा मोडाचे पीठ घालून ढवळत राहावे. उकळत्यात घातले तर विकर जागीच मरेल. पाच-दहा मिनिटांत चमच्यावरून ओघळण्याइतके पातळ झाले की पुन्हा एक उकळी द्यावी. मोड आणताना जंतू वाढलेले असू शकतात, म्हणून ही शेवटची उकळी टाळू नये. वरून चमचाभर तूप घातले की एका वाटीत दीडशेच्या आसपास कॅलरी होतात. दहा महिन्यांच्या बाळाला अशा दोन वाट्या पुरतात, पातळ पेजेच्या मात्र पंधरा लागत होत्या. यात लोह अर्थातच पुरेसे नाही, त्यासाठीची व्यवस्था वेगळी करावी लागते. गव्हाऐवजी नाचणी चालते. ज्वारीला मोड आणून हे पीठ करू नये, कारण ज्वारीच्या कोंबात व मुळांत सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते. आमच्या गुजराती शेजारणींच्या राबेलाही हाच उपाय तितकाच लागू पडतो. आणि बाळ चावू लागले, मऊ भात, कुस्करलेली पोळी खाऊ लागले, की या पिठाची गरज संपते.

जाता जाता व्यवसायबंधूंशी दोन शब्द. 'भूक लागत नाही, खाल्लेले पचत नाही' या तक्रारीवर विकरांचे थेंब लिहून देण्याची प्रथा आपल्याकडे फार पसरली आहे. त्यातील डायस्टेज हे जपानी रसायनज्ञ जोकिची ताकामिने यांनी बुरशीपासून काढून १८९४ मध्ये पेटंट घेतलेल्या औषधाचेच वंशज. पुष्कळदा त्याच बाटलीत पेप्सिनही असते. पेप्सिनला तीव्र आम्ल हवे, डायस्टेजला ते सोसत नाही. दोघांना एका बाटलीत नांदवणे हे मला कधी पटलेले नाही. सहा महिन्यांपुढील निरोगी बालकाच्या लाळेत, आईच्या दुधात आणि स्वादुपिंडात मिळून पुरेसे अमायलेज असते. त्याला थेंबांची नव्हे, दाट वाटीची गरज असते. ज्या मोजक्या मुलांचे स्वादुपिंड खरोखर निकामी असते, उदाहरणार्थ सिस्टिक फायब्रोसिस किंवा श्वाखमन-डायमंड विकार असलेली, त्यांची कहाणी भूक न लागण्याची नसते. बहुधा भूक उत्तम, शौच तेलकट, दुर्गंधीयुक्त व विपुल, आणि वजन घटणारे, असे चित्र असते. अशा मुलाच्या शौचातील इलास्टेज तपासावे, आणि कमतरता सिद्ध झाल्यास स्वादुपिंडाची विकरे योग्य मात्रेत, प्रत्येक जेवणाबरोबर, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली सुरू करावीत.